बिनपट्ट्याची पृथ्वी

हात दाराकडे

दाराकडच्या खुर्चीत मॅनेजर बसला होता. यंत्राचा हात त्याच्या छातीसमोर येऊन थांबला. हाताच्या टोकाला मोसंबीएवढी पृथ्वी, मधल्या खांबावर पेटलेला दिवा.

"सांगा साहेब," शिक्काबाई म्हणाली, "पृथ्वीचं वरचं टोक कुठे कललंय?"

"दिव्याकडे."

"मग वरच्या अर्ध्यात कोणता ऋतू?"

"मी काय शाळेत आहे का?"

"शाळेत असता तर एव्हाना उत्तर आलं असतं."

कपाटाकडच्या खुर्चीतून मोठ्या बाई खोकल्या. कारखाना त्यांचा होता आणि त्यांना हसायचं असलं की त्या खोकत.

"उन्हाळा," मॅनेजर म्हणाला.

शिक्काबाईने समोरच्या फॉर्मवर लिहिलं. दार : उन्हाळा.

हात खिडकीकडे

खिडकीपाशी कंपास बसला होता. कारखान्यातले सगळे आराखडे तो काढत असे, म्हणून हे नाव. वय अठ्ठावीस, कानामागे पेन्सिल, आणि आज नजर टेबलाखाली.

शिक्काबाईने यंत्राची मूठ पाव फेरा फिरवली. हात खिडकीशी आला.

"बोल कंपास."

"दिव्याकडेच," तो म्हणाला. "उन्हाळा."

खिडकी : उन्हाळा.

इथे थोडं थांबून

हात पुढे सरकण्याआधी हे सांगायला हवं की चौघं सकाळी अकरा वाजता एका बंद खोलीत खेळण्यासारखं यंत्र फिरवत का बसली होती.

कारखाना शाळांसाठी साधनं बनवतो. तराजू, भिंगं, हाडांचे सापळे, नकाशे. आणि ऋतुयंत्र. मूठ फिरवली की पृथ्वी दिव्याभोवती एक वर्ष काढते आणि मुलांना कळतं की उन्हाळा कुठून येतो, हिवाळा कुठे जातो. शिक्काबाई तेवीस वर्षं हे यंत्र तपासत होती. फिरवायचं, चारही बाजूंना पाहायचं, ठीक असेल तर तळाला गोल रबरी शिक्का मारायचा : तपासले, १७. सतरा हा तिचा क्रमांक. कारखान्यात तिचं खरं नाव किती जणांना आठवतं याची शंकाच आहे.

आठ महिन्यांपूर्वी तिला तराजूंच्या विभागात पाठवलं. शिक्का जमा करून घेतला. तिने दिला. वस्तू कंपनीची होती.

मागच्या आठवड्यात तिच्या भाचीने विज्ञानाची उत्तरपत्रिका आणून तिच्या ताटाशेजारी आपटली. भाची नववीत आहे आणि मावशीकडे राहते, कारण तिची आई बदलीच्या नोकरीत गावोगाव फिरते.

"मावशी, तूच सांग. तू नेहमी म्हणतेस तेच लिहिलं मी."

प्रश्न होता : हिवाळ्यात थंडी का पडते? भाचीने लिहिलं होतं की पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंश कललेला आहे, हिवाळ्यात आपला अर्धा गोल सूर्यापासून पलीकडे कलतो, ऊन तिरपं येतं, दिवस लहान होतो. वर लाल शाईने फुली. खाली लाल शाईनेच : यंत्र पाहा. अक्ष सदैव सूर्याकडेच कललेला असतो. थंडी पडते ती सूर्यापासूनचे अंतर वाढल्यामुळे.

शिक्काबाईने ते तीनदा वाचलं. ताटातलं गार झालं.

"सदैव?" ती म्हणाली. "कुठलं यंत्र आहे गं तुमच्या शाळेत?"

"तुमचंच की."

शाळेत

शिक्षक सभ्य होता. त्याने तिला प्रयोगशाळेत नेलं, कपाटातून यंत्र काढलं, धूळ पुसली, दिवा लावला, मूठ फिरवली. पृथ्वी दिव्याभोवती फिरली आणि फिरताना सबंध वर्षभर दिव्यापुढे मान लववून उभी राहिली. लाचार कारकुनासारखी.

"बघा ताई, बारा महिने कल आतच आहे. मग कलामुळे ऋतू कसे होतील? उरलं अंतर."

"पण पुस्तकात काय लिहिलंय?"

"पुस्तकात कलच लिहिलाय. मीही आधी तेच शिकवायचो. पण मुलं म्हणाली, सर, यंत्रात तर तसं दिसत नाही. चाळीस मुलं समोर. मी काय म्हणू? पुस्तकात छपाईची चूक असू शकते." त्याने यंत्र उलटं करून तळ दाखवला. "यंत्र तर तपासलेलं आहे."

तळाला गोल निळा कागद चिकटवलेला होता. तपासले, १७.

शिक्का नव्हता, शिक्क्याचं चित्र होतं. छापील. हजाराच्या गठ्ठ्याने छापून घेतलेलं.

तिने शिक्षकावर रागवायचं ठरवून घर सोडलं होतं. आता रागवायला तोच हाताशी होता आणि त्याच्यावर रागवता येईना. त्या माणसाने तिच्यावर विश्वास ठेवला होता. पुस्तकापेक्षा जास्त.

तिने यंत्राच्या हाताखाली बोट घातलं. तिथे दोन सारखी चाकं असायला हवी होती, एक मधल्या खांबाला घट्ट, एक पृथ्वीखाली, आणि दोघांवरून दातेरी पट्टा. हात फिरला की हा पट्टा पृथ्वीला हातासोबत वळू देत नाही. ती दिव्याभोवती जाते, पण तिचा कल खोलीतल्या एकाच भिंतीकडे राहतो. सगळं यंत्र म्हणजे तो पट्टा. बाकी दिवा आणि काठी.

बोटाला पट्टा लागला नाही. चाकंही लागली नाहीत. एक स्क्रू लागला.

हात कपाटाकडे

"मला विचारू नकोस," मोठ्या बाई म्हणाल्या. "दिसतंय मला. कललीय दिव्याकडे. उन्हाळा."

कपाट : उन्हाळा.

हात घड्याळाच्या भिंतीकडे

तिथे शिक्काबाई स्वतः उभी होती.

भिंत : उन्हाळा.

"वर्ष संपलं," ती म्हणाली. "कुणाला हिवाळा भेटला का? एखादा चुकून? खुर्चीखाली वगैरे?"

"शिक्काबाई, उपहास पुरे," मॅनेजर म्हणाला. "मुद्द्याचं बोला. गाडी बाहेर उभी आहे. शिक्षण मंडळाची तीनशे यंत्रं आहेत. त्यांची अट आहे की तपासनिसाची सहीची चिठ्ठी प्रत्येक खोक्यात हवी. तपासनीस म्हणून या यंत्रासाठी कागदोपत्री अजून तुम्हीच आहात. एक सही करा, आम्ही प्रती काढतो, विषय संपला."

"नाही करणार."

"का?"

"पट्टा नाही."

"पट्ट्याच्याच तक्रारी येत होत्या! पट्टा निसटतो, पट्टा निसटतो. वर्षाला साठ-सत्तर पत्रं. कंपासने पट्टा काढला, स्क्रू बसवला. आठ महिन्यांत एक तक्रार नाही. एक!"

"पट्टा निसटायला लागला तो ताण देणारी खिटी तुम्ही बंद केलीत तेव्हापासून. मी तेव्हाच लेखी दिलं होतं. खिटी परत लावायची सोडून पट्टाच काढलात. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि तक्रार कोण करणार, साहेब? मुलं? मुलांना वाटतं यंत्राचं बरोबर आहे. तक्रार नाही म्हणजे चूक नाही, असं नसतं. कळलंच नाही कुणाला, असंही असतं."

कंपास हळूच म्हणाला, "मला वाटलं, कल म्हणजे कल. साडेतेवीस अंश तर मी बरोबर ठेवला होता, बाई. कोनमापकाने मोजून."

"कोन बरोबर आहे रे तुझा. दिशा कुठे आहे?"

कंपासने कानामागची पेन्सिल काढली, पाहिली, परत ठेवली.

"हे बघा," मॅनेजर म्हणाला, "मला खरंच फरक समजत नाही. कललेली होती, कललेली आहे. दिव्याभोवती फिरत होती, फिरतेय."

"उठा," शिक्काबाई म्हणाली.

"काय?"

"उठा साहेब. तुम्ही पृथ्वी."

मान

(ज्यांच्यापाशी यंत्र नाही, त्यांनीही उठायला हरकत नाही. मध्ये एखादं टेबल हवं, त्यावर दिवा किंवा तांब्या काहीही. लाज वाटत असेल तर दार लावून घ्या.)

"मान डाव्या खांद्यावर टाका. आणखी. साडेतेवीस अंश म्हणजे फार नाही, झोप लागल्यासारखी. आता टेबल डाव्या हाताला ठेवून चालायला लागा, नेहमी चालता तसं, नाकासमोर."

मॅनेजरने मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाई खोकल्या. तो चालायला लागला.

"डोकं कुठे कललंय?"

"टेबलाकडे."

"खिडकीशी?"

"टेबलाकडे."

"कपाटाशी? घड्याळाशी? बस. हे तुमचं यंत्र. आता परत दाराशी या. मान तशीच डाव्या खांद्यावर, पण तोंड घड्याळाकडे. आणि आता कुठेही गेलात तरी तोंड घड्याळाकडेच. पाय आडवे पडोत, उलटे पडोत, घड्याळ सोडायचं नाही."

मॅनेजर दाराशी उभा राहिला, घड्याळाकडे पाहत. टेबल आता त्याच्या उजव्या हाताला होतं आणि मान डावीकडे.

"डोकं कुठे?"

"दाराकडे. म्हणजे... टेबलापासून लांब."

"हिवाळा," शिक्काबाई म्हणाली. "आठ महिन्यांतला पहिला. चला पुढे."

तो मागे मागे सरकत खिडकीशी गेला आणि कंपासच्या खुर्चीवर आदळला. "सॉरी सर," कंपास म्हणाला, चूक नसताना. तिथे टेबल मॅनेजरच्या समोर होतं. मान टेबलाकडेही नाही आणि टेबलापासून लांबही नाही, नुसती बाजूला.

"दिवस-रात्र सारखे," शिक्काबाई म्हणाली. "ना थंडी ना उन्हाळा. पुढे."

तो खेकड्यासारखा आडवा चालत कपाटाशी पोचला आणि तिथे त्याचं डोकं थेट दिव्याकडे, म्हणजे वाटेत बसलेल्या मोठ्या बाईंच्या अंबाड्यावर झुकलं.

"उन्हाळा," मोठ्या बाई म्हणाल्या. "लांब हो रे जरा."

कंपास उभा राहिला होता. त्याचं तोंड उघडं होतं. "म्हणजे कल कधी बदललाच नाही," तो म्हणाला. "सर फक्त जागा बदलत गेले. आणि मी त्यांना..."

"तू त्यांना दिव्याला बांधून टाकलंस," शिक्काबाई म्हणाली.

सव्वीस हजार

मॅनेजर धापा टाकत खुर्चीत बसला. मान चोळली. मग त्याने खिशातून फोन काढला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हुकमाचं पान राखून ठेवलेल्या माणसाचं समाधान आलं.

"ठीक. पण मी पण वाचलंय. आजच सकाळी. पृथ्वीचा अक्ष एका दिशेला स्थिर नसतोच. भोवरा दमायला लागला की त्याचं टोक गोल गोल फिरतं, तसं तेही फिरतं. शास्त्रज्ञांनीच सांगितलंय. बघा इथे. मग आमच्या यंत्रात अक्ष फिरतो तर बिघडलं कुठे? उलट आमचं यंत्र जास्त अचूक आहे!"

शिक्काबाईला राग आला की तिचा आवाज चढत नसे, खाली जात असे. तराजूंच्या विभागातल्या मुली या आवाजाला "तळघर" म्हणत.

"वाचा ना पुढे," ती तळघरातून म्हणाली. "एक फेरा किती वर्षांत?"

मॅनेजरने फोनवर बोट फिरवलं. "सव्वीस... हजार. साधारण."

"आणि तुमच्या यंत्रात?"

त्याने फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

"कंपास, तू सांग. साहेबांचा फोन अडकलाय."

"एका," कंपास म्हणाला.

"सव्वीस हजार वर्षांचं काम तुम्ही एका वर्षात उरकता! आणि तेही उलट्या दिशेने. खरा अक्ष वळतो तो पृथ्वीच्या फेऱ्याच्या विरुद्ध बाजूने. तुमचा वळतो फेऱ्यासोबत. वाचलंत ना सकाळी? मग पूर्ण वाचायचं होतं! अर्धवट वाचून चुकीवर पांघरूण घालायला येता, आणि वर म्हणता अचूक!"

"इतका आवाज..."

"मी आवाज केलेला नाही. अजून नाही केला." तिने मुठीवर हात ठेवला. "साहेब, तो खरा फेरा इतका सावकाश आहे की माणसाच्या आयुष्यात अक्ष एक अंशाच्या आसपास सरकतो. त्याने ऋतू मोडत नाहीत. ऋतू फक्त कक्षेतली आपली जागा हळूहळू बदलतात. आज पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ येते ती जानेवारीत, आपण स्वेटर घालून फिरतो तेव्हा. ऐका नीट, जवळ! थंडीत जवळ! आणि तुमचं यंत्र बघून तो शिक्षक शिकवतो की थंडी लांब गेल्यामुळे पडते. दहा-अकरा हजार वर्षांनी ती आपल्या उन्हाळ्यात जवळ येईल. तेव्हाचे उन्हाळे जास्त तापतील, हिवाळे जास्त गारठतील. पण होतील! उन्हाळा होईल आणि हिवाळाही होईल. आभाळाला जे कधी जमलं नाही ते तुम्ही एका स्क्रूने केलंत. हिवाळा रद्द. आणि त्याखाली सतरा लिहिलंत. माझे सतरा!"

"तो कंपनीचा शिक्का आहे," मॅनेजर म्हणाला. "तुम्ही होता म्हणून सतरा. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तरी सतराच."

"मग दुसऱ्या कुणाची सही घ्या ना."

दुसऱ्या कुणाची सही चालली असती तर ही बैठक झालीच नसती.

मोठ्या बाईंनी हात लांब करून यंत्राची मूठ धरली. स्वतः एक फेरा फिरवला. सावकाश. दार, खिडकी, आपण स्वतः, घड्याळ. पृथ्वी वर्षभर मान लववून फिरली.

"जुने पट्टे आहेत का रे?" त्यांनी विचारलं.

"गोदामात पोतंभर," कंपास म्हणाला. "चाकं पण. खिट्या मी आज कापून देतो. चार दिवस लागतील."

"मंडळाला चार दिवस म्हणजे..." मॅनेजर सुरू झाला.

"मंडळाला सांग की हिवाळा बसवतोय," मोठ्या बाई म्हणाल्या.

शेरा

चार दिवसांनी. तीच खोली. शिक्काबाईने तीनशेच्या तीनशे यंत्रं फिरवली होती, चारही बाजूंना. नऊ परत पाठवली होती. ती दुरुस्त होऊन आली तेव्हा पुन्हा फिरवली होती. उजव्या हाताचं मनगट सुजलं होतं.

तिने चिठ्ठी पुढे ओढली. लॉट क्रमांक. तारीख. कल : ठीक. दिशा : ठीक. पट्टा : आहे. मग सगळ्यात खालचा रकाना, शेरा, जो तेवीस वर्षांत तिने कधी भरला नव्हता. तिथे तिने लिहिलं :

याआधीच्या आठ महिन्यांत पाठवलेल्या यंत्रांत पट्टा नाही. त्या यंत्रांवर ऋतू शिकवू नयेत. त्यांवरचा १७ माझा नाही.

खाली सही.

मॅनेजरने वाचलं. त्याचे कान लाल झाले. "हे काय? पट्टे लावले ना? जिंकलात ना तुम्ही? हे मंडळाच्या तीनशे खोक्यांत जाणार!"

"म्हणून तर लिहिलं."

"गेलेलं गेलं! त्या यंत्रांबद्दल शेरा द्यायचा म्हणजे आपण चुकलो असं लिहून देणं."

"मग नाही चुकलो?"

त्याने खण उघडला, कोरी चिठ्ठी काढली, तिच्यापुढे ठेवली. "नवी भरा. शेरा सोडून."

तिने भरली. लॉट, तारीख, कल, दिशा, पट्टा. शेऱ्यात तीच तीन वाक्यं, शब्द न शब्द. सही.

त्याने दोन्ही फाडल्या. तिसरी ठेवली. तिने भरली. अक्षर जरा मोठं आलं. चौथी. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला. पाचव्या चिठ्ठीला तिने शेरा आधी लिहिला आणि लॉट क्रमांक नंतर.

"नोकरी आहे म्हणून बोलता," मॅनेजर म्हणाला. "नसली तर?"

"नसली तर शेरा घरून पाठवीन. तेव्हा तर रकान्यात मावायचंही बंधन नाही."

मोठ्या बाई केव्हा दारात येऊन उभ्या राहिल्या ते दोघांनाही कळलं नव्हतं. त्यांनी टेबलावरचे चार फाटके कागद पाहिले आणि पाचवा उचलून चष्म्याजवळ नेला.

"तुझ्या चिठ्ठ्या संपतील," त्या मॅनेजरला म्हणाल्या. "हिचं अक्षर नाही संपायचं. काढ प्रती."

"मोठ्या बाई, लोक काय म्हणतील..."

"म्हणू देत. आपण म्हटलं असतं आधी तर त्यांना म्हणावं लागलं नसतं."

प्रती निघाल्या. गाडी भरली, गेली. मॅनेजर परत आला तेव्हा शिक्काबाई तिथेच बसलेली होती.

"आता तरी समाधान झालं?" तो म्हणाला.

"कसलं समाधान? चिठ्ठ्या नव्या खोक्यांत गेल्या. जुनी यंत्रं ज्यांच्याकडे आहेत त्यांना कोण सांगणार? दोनशे बारा शाळा आहेत, साहेब. कंपासने मोजून दिल्यात. दोनशे बारा शाळांत आत्ता, या क्षणी, बारमाही उन्हाळा आहे, आणि एखादी मुलगी बरोबर उत्तर लिहून शून्य घेतेय. पाठवणीची वही द्या."

"वही ऑफिसची आहे."

"माहीत आहे. ऑफिसचा फोनही द्या."

तो बाहेर गेला. मग वही आणून टाकली. ठेवली नाही, टाकली. फोन मात्र तिलाच ओढून घ्यावा लागला.

पहिलं पान. पहिली शाळा. तिने सुजलेल्या हाताने नंबर लावला.

"हॅलो. मी ऋतुयंत्राच्या कारखान्यातून बोलते. नाही, नाही, विकायला नाही फोन केला. तुमच्याकडे आमचं एक यंत्र आहे, त्यात चूक आहे. हो, आमचीच. नाही हो, दिवा नाही गेला... पृथ्वी... अहो, ऐका, ठेवू नका फोन. विज्ञानाच्या बाईंना बोलवा. तासावर आहेत? कोणता धडा चाललाय? मग आत्ताच बोलवा, मी थांबते."